शिंगरूं तें स्वारी : नीरेच्या खोऱ्यांतील घोड्याचें शिक्षण

महाराष्ट्रांतील कोणत्याहि मोठ्या गांवाच्या चौकांत उभें राहून वर पाहिलें, तर घोड्यावर बसलेली एक आकृति बहुधा दृष्टीस पडते. त्या पुरुषाच्या चरित्रांतील दहा गोष्टी शाळेंत जाणारें मूलहि सांगूं शकेल. परंतु ज्या जनावरावर ती आकृति आरूढ झाली आहे, त्याच्या तोंडांत पहिला लगाम कोणीं चढविला, त्याच्या पाठीवर पहिलें खोगीर केव्हां पडलें, आणि पहिला ओढा ओलांडतांना तें कसें बुजलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. स्वाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. स्वारीस निघालेल्या घोड्याच्या शिक्षणाचा इतिहास मात्र बखरींच्या ओळींत, जुन्या पत्रांत आणि आपल्या रोजच्या भाषेंत विखुरलेला राहिला आहे. तो गोळा करावयाचा तर आरंभ भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांपासून करणें उचित होय.

नीरा नदी भोर तालुक्याच्या पश्चिम टोंकास, सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावते. वेल्ह्याकडून येणारी गुंजवणी आणि भाटघरच्या धरणानें अडविलेली वेळवंडी या दोघी तिला मिळतात. पुढें डोंगर मागें पडतात, मुलूख उघडा होतो, आणि नीरा-नरसिंगपुरापाशीं ती भीमेच्या पात्रांत शिरते. या एकाच नदीच्या कांठीं दोन निराळीं जगें नांदत आलीं. वरच्या अंगाचें हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिडखोरें, कानदखोरें, वेळवंडखोरें हा सारा मुलूख पायदळाचा. भाताचीं खाचरें, नाचणीचे उतार, दाट रान आणि चार महिने कोसळणारा पाऊस. अशा ठिकाणीं घोड्याची पैदास मोठ्या प्रमाणावर व्हावी कशी? खालच्या अंगाचा नीरा-भीमेच्या कांठचा कोरडा माळ मात्र घोड्यांचा. तेथें पाऊस थोडा, जमीन कठीण, गवत तोकडें पण सकस. त्या गवतावर वाढलेल्या जनावराच्या खुरास मऊपणा येत नाहीं आणि पोटास फार मागण्याची संवय लागत नाहीं.

मराठ्यांच्या इतिहासाची एक गंमत अशी, कीं राज्याचें बीज पडलें वरच्या मुलुखांत, आणि त्या राज्यास पुढें जें बळ लाभलें तें बव्हंशीं खालच्या मुलुखाच्या जनावरांचें. १६४६ च्या सुमारास तोरणा हातीं आला. त्याच्या शेजारच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि रायगडास राजधानी जाईपर्यंत सुमारें पंचवीस वर्षें राज्याचा कारभार तेथूनच चालला. वेल्हे तालुक्यास अलीकडे शासनानें राजगड हें नांव दिलें, तें याच स्मृतीनें. कारीचे कान्होजी जेधे व हिरडस मावळांतील बांदल यांचे मावळे डोंगर चढण्यांत वाकबगार होते; परंतु डोंगराबाहेर जाऊन वेगानें परत यावयाचें, तर घोडा हवाच होता. म्हणून माळावर जन्मलेल्या घोड्यास डोंगर शिकविणें, हें या खोऱ्यांतील एक मोठें काम होऊन बसलें.

हा घोडा कोणता? भीमेचें थड म्हणजे कांठ, त्यावरून त्यास भीमथडी हें नांव पडलें. चौल, दाभोळ, गोवें या बंदरांतून अरबस्तानचे व इराणचे घोडे शतकानुशतकें दक्षिणेंत उतरत होते. त्यांचें रक्त आणि दक्षिणेंतील काटक तट्टांचें रक्त यांच्या मिलाफांतून ही जात घडली, असें सामान्यतः मानलें जातें. आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन याचा भाऊ विल्यम टोन हा अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या नोकरींत होता. त्यानें मराठी फौजेचें वर्णन करतांना भीमथडी घोड्याची विशेष वाखाणणी केली आहे. मध्यम उंचीचा, मजबूत, दिसण्यांत बरा, बहुधा गडद तांबूस रंगाचा आणि काळ्या पायांचा, असें त्याचें स्वरूप तो देतो. उंचीनें अरबी किंवा तुर्की घोड्यापुढें तो उणा ठरे. परंतु थोड्या दाण्यावर लांब मजल मारणें आणि खडकाळ वाटेवर पाय न चुकवितां चालणें, यांत त्याचा हात धरणारा क्वचितच सांपडे.

मात्र गुण रक्तांत असले तरी ते आपोआप उपयोगास येत नाहींत. घोडा हा मुळांत भित्रा प्राणी आहे. पळ हेंच त्याचें शस्त्र. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें तो जवळजवळ सभोंवार पाहूं शकतो; फक्त अगदीं मागची आणि कपाळासमोरची थोडी जागा त्यास दिसत नाहीं. पाठीवर उडी घेणारा प्राणी हा त्याच्या पूर्वजांच्या दृष्टीनें वाघ किंवा सिंहच असावयाचा. अशा जनावरास पाठीवर माणूस बसूं द्यावयास लावणें, त्यास ढोल-नगाऱ्यांच्या गजरांत उभें करणें आणि शेवटीं ज्या दिशेनें धूर व गोंगाट येत आहे त्याच दिशेस धांवावयास लावणें, हें त्याच्या साऱ्या स्वभावाविरुद्ध आहे. तें बळजोरीनें साधत नाहीं. साधलें तरी टिकत नाहीं.

प्राचीनांनीं हें ओळखलें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. शिंगराला दहा दिवसांनंतर पीठ व तूप, सहा महिन्यांपर्यंत दूध, आणि पुढें तिसऱ्या वर्षापर्यंत महिन्यागणिक वाढत जाणारा जवाचा वांटा, असा तेथें हिशेब घालून दिला आहे. चार किंवा पांच वर्षांचा झाल्यावरच घोडा पूर्ण वाढीचा व कामास योग्य समजावा, असाहि निर्वाळा आहे. आजच्या पशुवैद्यकानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें जें पाहिलें, तें याहून फार निराळें नाहीं. घोड्याच्या पायाचीं खालचीं हाडें लवकर पक्कीं होतात; पाठीच्या कण्याची वाढ मात्र पांचव्या वर्षाच्या पुढेंमागें पुरी होते. म्हणजे दिसावयास भरलेलें, उंचीनें पुरें झालेलें तीन वर्षांचें जनावर आंतून अजून कच्चेंच असतें. ज्या धन्यास घाई असे, तो याच ठिकाणीं फसत असे. तिसऱ्या वर्षीं लादलेलें ओझें सातव्या-आठव्या वर्षीं पाठदुखी आणि लंगडेपण होऊन परत येई. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानेंहि मानसोल्लास या आपल्या ग्रंथांत अश्वविद्येस आणि घोड्यावरील खेळांस विस्तृत स्थान दिलें आहे. दक्षिणेंतील अश्वशिक्षणाची परंपरा अशी जुनी होय.

शिंगराची पहिली शाळा त्याची आईच असे. घोडी कामावर निघाली, कीं शिंगरूं मोकळेंच तिच्या मागून चाले. या मोकळ्या चालण्यांत तें फार मोठें शिक्षण घेई. आई ओढ्यांत पाय घालते, तिला कांहीं होत नाहीं, हें तें पाही. गाडी खडखडत शेजारून गेली, आई जागची हलली नाहीं, हेंहि पाही. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणाऱ्या तट्टांचीं शिंगरें आजहि असेंच शिकतात. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंकरें आणि कोंबड्या घेऊन आई पुढें चाललेली असते आणि शिंगरूं कधीं मागें रेंगाळत, कधीं पुढें उड्या मारीत जग पाहत असतें. सहा महिने असें हिंडलेल्या शिंगराला जितकें कळतें, तितकें ठाणावर बांधून वाढविलेल्या जातिवंत घोड्यास दोन वर्षांतहि कळत नाहीं.

दूध तुटल्यावर मोतद्दाराचें काम सुरू होई. मोतद्दार हा घोड्याचा खरा पहिला गुरु. त्याचें नांव कोणत्याहि बखरींत येत नाहीं; तथापि चाबूकस्वार पुढें जें कांहीं शिकवी, तें या माणसानें घातलेल्या पायावर उभें असे. डोकीस मोरखी घालणें, दोरीनें चालविणें, अगाडी-पिछाडीवर शांत उभें करणें, अंगावरून खरारा फिरविणें आणि एकेक पाय उचलून हातांत देण्यास लावणें, इतक्या गोष्टी तो शिकवी. पाय हातांत देणें ही क्षुल्लक बाब नव्हे. पळ हेंच ज्याचें शस्त्र, त्यानें आपला पाय दुसऱ्याच्या हातीं देणें म्हणजे शस्त्र टाकणेंच होय. जें जनावर विश्वासानें पाय देतें, त्यास नालबंद नाल ठोकूं शकतो; आणि सह्याद्रीच्या दगडावर लांब पल्ल्याच्या घोड्यास नाल नसेल तर चार मजलांत तो बसून जावयाचा.

त्यानंतर कावा. लांब दोरी धरून मधोमध माणूस उभा राहतो आणि घोडा त्याच्या भोंवतीं वर्तुळांत फिरतो. प्रथम डावीकडून, मग उजवीकडून. प्रथम चाल, मग दुडकी, मग दौड. यासच घोड्याला कावा देणें किंवा काव्यावर धरणें म्हणत. यांत घोड्याच्या पाठीवर भार नसतो; परंतु त्यास शब्द समजूं लागतो, श्वास वाढतो, दोन्ही अंगें सारखीं लवचीक होतात, आणि ज्याच्याकडे आपण पाठ फिरवूं शकतों त्याच्याच भोंवतीं आपण फिरतों आहों, हें त्याच्या मनावर ठसतें. गनिमी काव्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. पण त्यांतील कावा या शब्दाचा हा घोड्याच्या रिंगणांतला अर्थ आतां बहुतेकांच्या विस्मरणांत गेला आहे. शत्रूच्या समोर न थांबतां त्याच्या भोंवतीं फिरणें, वळसा घेणें, एका बाजूनें हूल देऊन दुसऱ्या बाजूनें येणें, हें सारें ज्या घोड्यास दोन्ही हातांवर सारखें वळतां येतें त्याच्यावर बसूनच शक्य असतें. जो डावीकडे चपळ व उजवीकडे जड, अशा घोड्याचा स्वार शत्रूस लवकरच ओळखतां येई आणि मग त्याची धडगत नसे. लढाईची एक पद्धत अशा रीतीनें शिंगराच्या रिंगणांत तयार होत होती.

काव्यावर स्थिर झालेल्या घोड्याच्या पाठीवर रिकामें खोगीर पडे. तंग पहिल्या दिवशीं सैल, दुसऱ्या दिवशीं किंचित् आंवळ. मग खोगिरावर थोडें वजन. मग हलक्या अंगाचा स्वार, तोहि प्रथम केवळ आडवा पडून, मग मांड टाकून. लगामाच्या बाबतींत मात्र मराठी पद्धतीचा एक दोष कबूल केला पाहिजे. इकडील कांहीं लगाम फार तीक्ष्ण असत. अनुभवी हातांत ते शस्त्रासारखे काम देत; उतावळ्या हातांत तेच लगाम कोंवळ्या तोंडाचें मांस फाडीत. ज्याचें तोंड एकदां असें मेलें, तो घोडा पुढें कितीहि ओढला तरी थांबत नाहीं, कारण थांबण्याची आज्ञा ज्या ठिकाणीं पोंचावयाची तें ठिकाणच बधिर झालेलें असतें. म्हणून समंजस चाबूकस्वार कोंवळ्या घोड्यास बरेच दिवस साध्या दोरीच्या मोरखीवरच फिरवी.

यानंतर खरी कसोटी येई, ती पहिल्या बाहेरच्या फेरीची. ठाणाजवळ शहाणा दिसणारा घोडा बाहेर पडतांच निराळा होतो. वाळक्या पानांचा आवाज, वाटेवर पडलेली फाटकी घोंगडी, पाण्यावर चमकणारें ऊन, कुंपणावरून एकाएकीं उडालेला मोर, यांतील कोणतीहि वस्तु त्यास यमासारखी भासते. यावर जुना उपाय एकच : नव्यासोबत जुना. वयस्कर, शांत, अनेक स्वाऱ्या पाहिलेला घोडा पुढें चालवावयाचा आणि नव्यास त्याच्या शेपटीमागें ठेवावयाचें. कांहीं दिवसांनीं दोघांस बरोबरीनें चालवावयाचें. मग नव्यास चार पावलें पुढें काढावयाचें. आणि शेवटीं जुन्यास घरीं ठेवून नव्यास एकटें न्यावयाचें. घोडा कळपांत जगणारा प्राणी असल्यामुळें जुन्याचें धैर्य नव्याच्या अंगीं जणूं पाझरतें. उलट, दोन कच्चे घोडे एकत्र नेले तर एकाच्या भीतीनें दुसराहि उधळतो.

फेरी लहान असावी, आणि घोडा थकण्यापूर्वीं संपावी, हा दुसरा नियम. तिसरा नियम ओढ्याचा. नवा घोडा पाण्याची खोली ओळखीत नाहीं. त्याच्या दृष्टीनें गुडघाभर ओढा आणि अथांग डोह यांत भेद नसतो. अशा वेळीं त्यास मान खालीं घालून पाणी हुंगूं द्यावें, खुरानें उडवूं द्यावें, हवा तितका वेळ उभें राहूं द्यावें. येथें चाबूक ओढला तर पाणी आणि मार यांची गांठ त्याच्या मनांत कायमची पडते. चौथा नियम घाटाचा. सपाटीवर उभ्या असलेल्या घोड्याच्या एकंदर वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो भार आणखी वाढतो, आणि वर बसलेला स्वार पुढें झुकला तर घोड्याच्या गुडघ्यांवर अन्याय होतो. मढे घाटाची किंवा वरंध्याची वाट उतरतांना शहाणा स्वार पायउतार होई, लगाम सैल सोडी आणि घोड्यास आपलें पाऊल आपणच निवडूं देई. माणसाच्या दोन डोळ्यांपेक्षां जनावराच्या चार पायांस डोंगर अधिक कळतो.

अशा तयार घोड्यांची व्यवस्था राज्यानें कशी ठेविली, हें कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. राजाराम महाराजांच्या काळीं जिंजीस लिहिलेल्या त्याच्या बखरीप्रमाणें पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी पागेची रचना होती. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा. या रचनेंतील एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पंचवीस जनावरांस पाणी पुरविणारा एक आणि त्यांचे खूर पाहणारा एक! पाणी आणि खूर यांची काळजी ज्या राज्यानें हवालदाराच्या बरोबरीनें नियमांत बसविली, तें राज्य घोड्यास केवळ वाहन समजत नव्हतें, हें उघड आहे. दसऱ्यास घोड्यांस न्हाऊं घालून, माळा घालून पूजा होई आणि फौज मुलुखगिरीस बाहेर पडे; पावसाळ्याच्या तोंडीं ती परत येई. छावणीसाठीं दाणा, वैरण, औषधें आणि गवतानें शाकारलेल्या पागा आधींच तयार ठेवाव्या, असा दंडक होता. १६५९ सालीं अफजलखानाच्या पाडावानंतर चार हजार घोडे हातीं लागल्याचें सभासद नमूद करतो. त्या परक्या, मोठ्या लष्करांत वाढलेल्या घोड्यांस डोंगराची नवी शाळा पुन्हां शिकावी लागली असणार. तेरा वर्षांनीं, १६७२ सालीं, साल्हेरच्या पायथ्याशीं मराठी घोडदळ मोंगलांशीं उघड्या मैदानांत भिडलें आणि विजयी झालें. इतका पल्ला केवळ लुटीच्या घोड्यांनीं गांठतां येत नाहीं. त्यामागें शिक्षणाचीं वर्षें असतात.

या शिक्षणाची किंमत शिवाजी महाराजांस किती नेमकी ठाऊक होती, हें १६७४ च्या सुमाराच्या एका पत्रावरून दिसतें. चिपळूणजवळ हलवर्ण येथें पागेचा मुक्काम होता. पावसाळ्यासाठीं जमविलेला दाणा व वैरण तेथील लोक आधींच सढळ हातानें खर्च करूं लागले होते. महाराजांनीं जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलें, कीं आतां हवें तसें उधळाल तर ऐन पावसांत कांहीं उरणार नाहीं. घोडे उपासानें मरतील, आणि तीं तुम्हींच मारल्यासारखीं होतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरीं जाल, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. आणि ज्या गरिबांनीं आपल्या भरंवशावर घरें धरलीं आहेत, त्यांस तुम्ही मोंगलांहून वाईट वाटाल. त्याच पत्रांत विस्तवाचीहि ताकीद आहे. गवताजवळ चूल पेटवूं नका, चिलमा ओढूं नका, रात्रीं दिवा तसाच ठेवूं नका. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल.

राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या दिवसांत राजानें उंदरानें ओढलेल्या वातीचा विचार करावा, याचें कारण सरळ आहे. जळालेलें गवत पुन्हां कापतां येतें. मेलेला घोडा पुन्हां विकत घेतां येतो. परंतु पांच वर्षें शिकवून तयार केलेला घोडा एका पावसाळ्यांत पुन्हां उभा करतां येत नाहीं. शिवाय घोड्याचें पोट फार नाजूक असतें. त्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें लहान. त्यास ओकारी येत नाहीं. म्हणून त्यास थोडें थोडें, वारंवार आणि नियमानें खावयास लागतें. उपाशी घोड्यास एकदम दाणा घातला किंवा पहिल्या पावसाच्या कोंवळ्या चाऱ्यावर एकाएकीं सोडला, तर पोटफुगीनें तो रात्रींतून दगावतो. छावणींतील उधळपट्टी आणि नंतरचा उपास, हे दोन्ही त्यास सारखेच घातक होते.

घोड्याच्या मरणाचा आघात माणसावरहि होई. शिलेदाराचा घोडा मेला, कीं त्याची शिलेदारी गेली. दुसरा घोडा मिळविण्याची ऐपत नसल्यास त्यास दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर होऊन बसावें लागे. त्यामुळें कांहीं शिलेदार रणांत घोडा जपूं लागत, आणि घोडा जपणारा स्वार निकराच्या क्षणीं मागें राही. शिवकालीं सरकारी पागेवर अधिक भर होता. पुढें राज्य पसरलें, मोहिमा दूरच्या झाल्या, शिलेदारांचें प्रमाण वाढलें. पानपतावर १७६० च्या अखेरीस काय घडलें, तें सर्वश्रुत आहे. वेढ्यांत दाणावैरण तुटली. घोडे तळावर हाडांचे सांपळे होऊन पडूं लागले. १४ जानेवारी १७६१ रोजीं जे उभे होते, त्यांच्या अंगांत कावा खेळण्याची शक्ति नव्हती, आणि तोफांच्या गोलांत चालणाऱ्या फौजेस कावा खेळावयास मोकळी जागाहि नव्हती. त्या पराभवाचीं कारणें अनेक आहेत; परंतु हलवर्णच्या पत्रांत सांगितलेली भीति तेथें अक्षरशः खरी ठरली, हें विसरतां येत नाहीं.

राजगडाच्या पायथ्याशीं वाढलेली ही विद्या पुढें कोठें गेली? शंकराजी नारायण यांच्यापासून सचिवपदाची परंपरा या खोऱ्यांत स्थिर झाली. भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाचें ठाणें झालें आणि १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत तें तसेंच राहिलें. भोरचा १८६९ सालचा राजवाडा आजहि त्या काळाची साक्ष देत उभा आहे. परंतु १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, तेव्हांच हजारों स्वारांचा आणि त्यांच्या घोड्यांचा धंदा संपला होता. घाटांतून रस्ते झाले, आगगाडी आली, पुढें मोटार आली. भीमथडी घोडा राजांच्या पागेंतून उतरून धनगरांच्या वाड्यावर आला आणि ओझ्याचें तट्टू म्हणून जगला. पंडितांनीं ज्याची उपेक्षा केली, त्याचा वंश मेंढपाळांनीं राखला. २०२४ च्या आरंभीं कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनें भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केल्याचें जाहीर झालें. ही एका अर्थानें त्या मेंढपाळांच्या राखणीचीच पावती होय.

शिक्षणाचा एक धागा मात्र डोळ्यांसमोर अजून अखंड आहे. दर वर्षीं ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पंढरीस जातांना नीरा नदी ओलांडते, आणि पादुकांस तेथें स्नान घडतें. त्या पालखीबरोबर अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालतात. रिंगणाच्या वेळीं टाळमृदंगांच्या प्रचंड गजरांत, हजारों माणसांच्या मधून, ते वर्तुळांत दौडतात; त्यांतील माउलींच्या अश्वावर स्वारहि नसतो. तरी तो बुजत नाहीं, माणसांत घुसत नाहीं, रिंगण मोडीत नाहीं. भाविकांस तेथें माउली दिसते, आणि तें योग्यच आहे. पण त्याच क्षणीं त्या घोड्यास केव्हांतरी दोरीवर धरून, हळू शब्द बोलून, डावीकडून आणि उजवीकडून फिरविणारा कोणी एक अनामिक माणूसहि तेथें उभा आहे, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्याची नांवनिशी कोठेंहि नाहीं, अशा मोतद्दारांच्या आणि चाबूकस्वारांच्या धीरानें त्या काळच्या स्वाऱ्या शक्य झाल्या. चौकांतल्या पुतळ्याकडे पुन्हां दृष्टि जाईल, तेव्हां वरच्या पुरुषास वंदन करून झाल्यावर क्षणभर खालच्या उचललेल्या पावलाकडेहि पाहावें. तें पाऊल पहिल्या प्रथम कोणाच्या तरी तळहातावर विश्वासानें ठेविलें गेलें होतें.